तुम्ही ‘बरं’ म्हणालात

बाबा, मी आता कारेलीबागेतल्या एका दवाखान्यात लोकांचे कान तपासते. सुरुवातीला तोंडापुढे पुठ्ठा धरून काहीतरी साधं विचारते, कारण ओठ दिसले की ऐकू न येणारा माणूसही नीट उत्तर देतो. परवा एका आजोबांना विचारलं, चहा घेतलात की कॉफी? ते मान हलवून म्हणाले, "बरं." सोबत आलेली सून हसली, "जुओ बेन, बघा ना, घरीपण असंच." मला हसू आलं नाही.

तुमचं आयुष्य कारखान्यात घणाजवळ गेलं. आई म्हणायची, "कान तिथेच ठेवून येता का? एखाद दिवशी घरी आणा की." तुम्ही "बरं" म्हणायचात. आम्हाला तो तुमचा स्वभाव वाटायचा.

डॉक्टरांनी मला एकटीला बोलावून सांगितलं की तुमच्या आजारावर आता करण्यासारखं काही उरलेलं नाही. आईला हे सांगवणार नव्हतं, मी सायन्स शिकत होते, म्हणून तुम्हाला सांगायचं काम माझ्याकडे आलं. स्वयंपाकघरात तुम्ही जेवायला बसला आहात, एक्झॉस्ट पंखा घरघरतोय. मी गॅसकडे तोंड करून सांगते, आजार बरा होणार नाही, फार दिवस नाहीत. मागून तुमचा आवाज येतो, "बरं." मग तुम्ही लिंबू मागता.

पुढच्या आठवड्यात तुम्ही जुन्या शहरातल्या घडियाळी पोळेजवळच्या दुकानातून कामावर घालायचे नवे बूट आणलेत. तुम्हाला काही कळलंच नव्हतं म्हणून, की कळलं होतं आणि आम्हाला ते दिसू द्यायचं नव्हतं म्हणून? तुमचे कान कधी तपासलेच गेले नाहीत, त्यामुळे माझं शिक्षण इथे कामाचं नाही. त्या अंतरावरून, त्या पंख्याच्या आवाजात तुम्हाला काय ऐकू गेलं असेल, हे मला सांगता येत नाही. आणि मी पाठ का फिरवली होती, तेही. गॅसवरच्या आमटीमुळे, असं मी बरीच वर्षं धरून चालले. पण तुम्ही जेवायला बसला होतात, म्हणजे आमटी झालेली होती.

तुम्ही सगळं माहीत असून शांतपणे गेलात, असं नातेवाईक अजून सांगतात. आईचा त्यावरच आधार आहे. तरी मधूनच ती मला विचारते, "त्यांना कळलं होतं ना गं?"

मी हो म्हणते. तिच्यासमोर बसून, स्पष्ट.