बारा पावलांचा ट्रेलर

ती. मामा,

नमस्कार. कपाटात चांगली टेप असताना लोखंडी तुळया पावलांनी का मोजायच्या? घरातली पहिली पदवीधर मी, पण याचं उत्तर मला येत नाही. तुमची कंबर कशी आहे? मामीला सांगा, मी बरी आहे, फक्त रागाने डोकं भणभणतंय.

आमच्या ट्रान्सपोर्टमधला बाबांचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. मालाच्या कडेने चालायचं. बारा पावलांपर्यंत तीस फुटी ट्रेलर, त्यापुढे चाळीस फुटी. पंचवीस वर्षांत एकदाही चुकलं नाही (हे वाक्य मी रोज जेवताना ऐकते). पण बाबांचा गुडघा धरल्यापासून चालायचं काम दादाकडे आलं. नियम बाबांचा, पाय दादाचे! आणि आपला दादा म्हणजे दारातून वाकून आत येणारा प्राणी. मंगळवारी तो सदतीस फुटी तुळयांच्या कडेने रुबाबात चालला आणि "बरोब्बर बारा!" म्हणाला. लागला छोटा ट्रेलर. तुळया मागे सात फूट बाहेर. ड्रायव्हरकाका म्हणालेसुद्धा, "मालक, शेपूट फार लांब झालंय हो." बाबा म्हणाले, "लाल फडकं बांधा आणि निघा." (आमच्याकडे सगळ्या दुखण्यांवर हेच औषध.)

चौकात वळताना ते शेपूट फडक्यासकट सलूनमध्ये शिरलं. आरशाचा चुरा झाला. अर्ध्या गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईक टॉवेलासकट रस्त्यावर आलं आणि तिथूनच काकांच्या सात पिढ्या काढू लागलं. कुणाला खरचटलं नाही, हे नशीब. पण बाबांनी काय करावं? बावीस वर्षं गाडी चालवणाऱ्या काकांकडून किल्ली काढून घेतली! वळण चुकलं म्हणे. काकांनी डबा उचलला आणि चालत घरी गेले. दादा स्वतःच्या बुटांकडे बघत बसला. मी म्हटलं, "बाबा, वळण नाही, पाऊल चुकलं." तर म्हणाले, "चार बुकं शिकलीस म्हणून आता बापाची पावलं मोजणार?" मोजली, मामा! बाबांचं अडीच फूट, दादाचं तीन फुटांच्या वर. कागद समोर ठेवला, तर त्यावर चहाचा कप टेकवला.

मामीला नमस्कार.

तुमची भाची

ता. क. बाबा येत्या रविवारी माझी तक्रार घेऊन तुमच्याकडे येतील. ते ऐकतात ते फक्त तुमचं. आधी पोटभर बोलू द्या, मग काकांना परत बोलवायला सांगा. एवढ्यासाठीच हे पत्र.

आणखी एक ता. क. ट्रेलर ठरवल्याच्या चिठ्ठीवर सही माझी आहे. मी तेव्हा खाली उतरलेच नाही. ऑफिसात बसून 'ट्रेलरची योग्य निवड' असा रंगीत तक्ता काढत होते. म्हणून तुळया मागवणाऱ्या कारखान्याला मी लेखी कळवलंय: चूक मोजमापाची, सही माझी, ड्रायव्हर निर्दोष. एक प्रत सलूनवाल्याला दिली. दुसरी आज सकाळी काकांच्या घरी, त्यांच्या बायकोसमोर मोठ्याने वाचून आले.