मांडीवरचे हात

१५ ऑगस्ट २००३, संध्याकाळ

ग्रामसभेत ठराव मंजूर झाला. रणगाडे भेदणाऱ्या, क्षीण युरेनियमच्या तोफगोळ्यांवर जगभर बंदी आणा. मीच मांडला. इराकमध्ये ते आदळल्यावर मागे राहणाऱ्या विषारी धुळीबद्दल पोटतिडकीनं बोललो. नालीवरून तासभर भांडलेल्या लोकांनी एका दमात हात वर केले. यात कोणाचंच काही जात नव्हतं ना!

फक्त सुमनकाकूंचे हात मांडीवरच राहिले. त्यांचा मुलगा फौजेत रणगाडा चालवतो. बाहेर पडताना त्यांनी मला अडवलं.

"गुरुजी, बंदी आपण पाळली अन् समोरच्यानं नाही पाळली, तं माहा पोरगा कायनं लढन?"

म्हटलं, काकू, ती धूळ त्याच्याही छातीत जाईल.

"जाऊ द्या. धूळ घेऊन का होईना, घरी तं येईन."

बंदी मागायलाच हवी, हे अजूनही पटतं. मग तिथं शब्द का फुटला नाही? ते मांडीवरचे हात डोळ्यांसमोरून हलत नाहीत. ठराव तहसीलला जाईल, तिथंच धूळ खात पडेल. भरल्या सभेत माझं बोलणं मनावर घेतलं ते एकट्या काकूंनी. आणि हात वर केला नाही, तोही त्यांनीच.