कुजबुजीच्या लिलावात आमचा टेलेस्फोरो

डागुपान, मंगळवार

प्रिय मनांग सेफेरिना,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद घेतात तसा तुझा हात माझ्या कपाळाला लावला आहे असे समज. गुडघा कसा आहे? त्याच्यासाठी मी नऊ दिवसांची प्रार्थना धरली होती, ती पाचव्या दिवशी मोडली. (कळ आली तर बोल आपल्या धाकट्या भावाला, टेलेस्फोरोला लाव, मला नव्हे.)

मी अजून हादरलेलीच आहे. टेलेस्फोरोने सव्वीस वर्षे सकाळच्या बातम्या वाचल्या हे तुला ठाऊकच आहे. मे महिन्यात त्यांचे स्टेशन विकले गेले, नव्या मालकाने दिवसभर गाणी लावून माणसे काढली आणि हा आपली बॅग घेऊन माझ्या दारात आला. रेडिओवाल्यांची नोकरी म्हणे कधी जात नाही, ते फक्त 'दोन स्टेशनांच्या मधे' असतात. या मधल्या काळात त्याने विमा विकून पाहिला. (मृत्यूचे कलम तो इतके हृदयद्रावक वाचायचा की गिऱ्हाइके रडत उठून जायची.) शेवटी मीच माझी जुनी विद्यार्थिनी लिगाया हिच्याकडे शब्द टाकला. बंदरावर मासळीचा लिलाव तिच्याच हातात आहे. तिने त्याला दलालाच्या जागी उभे केले.

आता आपल्याकडचा लिलाव कसा चालतो ते तुला सांगायला नको. गिऱ्हाईक येते, दलालाच्या कानात भाव कुजबुजते, दलाल तो पोटात ठेवतो आणि सगळ्यांचे ऐकून झाले की सर्वांत चढ्या बोलीला टोपली देतो. (कुजबुजल्याबद्दल शाळेत सिस्टर अगाथांनी आपल्याला किती वेळा गुडघ्यांवर उभे केले! इथे अख्ख्या गावाचे पोट त्याच पापावर चालते.) म्हणजे कामात करायचे काय, तर गप्प बसायचे. एवढेच काम, मनांग!

पहिल्या तीन टोपल्या सुखरूप गेल्या. मी त्याच्यासाठी तांदळाचे वाफवलेले गरम पुतो घेऊन गेले होते, म्हणून पुढचे या डोळ्यांनी पाहिले. मासळीचा व्यापारी कुलास आला आणि याच्या कानाला लागला. टेलेस्फोरोने सवयीने एक हात कानावर ठेवला, छाती भरून श्वास घेतला आणि त्याची बोली आकड्यासकट बंदरभर ऐकवली. वर म्हणाला, "धन्यवाद, कुलासकाका! घरच्यांना काही निरोप?" घरचे तिथेच होते. धंद्यात भागीदार असलेला मेहुणा मागेच उभा होता, आणि कुलास त्याला या बोलीच्या दुप्पट भाव सांगून मधले पैसे खिशात घालायचा. मेहुण्याने हातातला मासा कुलासला फेकून मारला. कुलास टेलेस्फोरोवर धावला, "अरे ए रेडिओ, तुझं बटण कुठंय?" त्या गदारोळात आपला भाऊ शांतपणे किती वाजले ते सांगत होता! मागोमाग हवामान!

लिगाया माझ्याजवळ आली. "मिस, यांना घरी न्या. देवानं आवाज दिलाय, पण झाकण द्यायला विसरला." चाळीस वर्षे शिकवले मी, मनांग. विद्यार्थिनीपुढे मान खाली घालायची वेळ कधी आली नव्हती.

घरी येताना हा मला विचारतो काय, तर, "मनांग, पण आवाज शेवटच्या टोपलीपर्यंत पोचला ना?"

आता गावात त्याला कोणी काम देत नाही. रोज सकाळी तो स्वयंपाकघरात उभा राहून मला वर्तमानपत्र वाचून दाखवतो आणि 'श्रोतेहो' म्हणतो. मी एकटी आहे, तरी अनेकवचनी! त्याने इथून जायलाच हवे.

तुझी संतप्त
यूफेमिया

ता. क. तुझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ फादर आन्सेल्मो तुमच्याकडे चर्चचे रेडिओ स्टेशन चालवतात आणि तिथली सकाळच्या बातम्यांची जागा रिकामी आहे असे कानावर आले. (कोणी कुजबुजले ते विचारू नकोस.) तू एक शब्द टाक. मासळीचे बोलू नकोस.

आणखी एक. तोंड उघडण्याआधी ते स्टेशन डागुपानला लागते का, तेवढे विचारून घे. माझा रेडिओ जुना आहे, लांबचे पकडत नाही. लागत नसेल तर फादरना काहीच सांगू नकोस आणि हे पत्र फाडून टाक.