अमेरिकेच्या टपालाचा मिरजोळ्यातला एजंट

२ जून, सकाळ
शेजारच्या हफीजाभाभी आल्या. त्यांचा अद्नान दोह्याला विमानं दुरुस्त करतो. सर्टिफिकेट मात्र अमेरिकेचं. आता नवा नियम आलाय: अमेरिकेबाहेर राहणाऱ्याने सरकारी टपाल घ्यायला एक डोमेस्टिक एजंट नेमायचा. सात जुलैपर्यंत नेमला नाही तर सर्टिफिकेट असून नसल्यासारखं. नोकरीवरच गदा.
अद्नानचा व्हॉइस मेसेज भाभींनी ऐकवला. लांबलचक. मुद्दा सुरुवातीलाच कळला, म्हणून बंद केला. डोमेस्टिक म्हणजे आपल्या देशातला. एस.टी.च्या पार्सल ऑफिसात जन्म घालवलेला माणूस भिंतीपलीकडे असताना पोराने दुसरीकडे कशाला जावं? भाभींना म्हटलं, झालंच समजा. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या भरवशावर हाय मी."
सगुणा म्हणाली, डोमेस्टिक तर आपला गॅस सिलिंडरपण आहे. बायकोच्या बोलण्याकडे दुर्लक्ष केलं.

५ जून
फाटकाला नवी टपालपेटी. कोकणातले सगळे विमानवाले माझ्याकडेच येणार. पुढेमागे मुंबईत शाखा.
पेंटरकडून बोर्ड आला: 'आंतरराष्ट्रीय विमा टपाल प्रतिनिधी'. 'न' खाल्ला. म्हणे नंतर घुसवतो.

८ जून, रविवार
मृणालीचा न्यू जर्सीहून फोन. लेकीला सांगितलं, तुमच्याच सरकारचं काम हातात घेतलंय, सध्या जास्त बोलता येणार नाही. आईला फोन दे म्हणाली.
दुपारी दोघं जण विम्याचा हप्ता भरायला आले. बोर्ड वाचला जातोय, हे महत्त्वाचं.

१५ जून
सगुणा म्हणते, अद्नानला एकदा फोन करून नीट विचारा. शंका विचारणं हे नवख्याचं लक्षण. त्याच्याकडून त्या अमेरिकन साइटचं लॉगिन तेवढं मागवून घेतलं.

२२ जून, संध्याकाळ
फॉर्म भरला. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पूर्ण लिहिलेला नव्हता, पण MH सापडलं. आपल्या गाड्यांवर असतं तेच. अमेरिकेचा अभ्यास दांडगा. पिनकोडला पाचच घरं होती, शेवटचा आकडा सोडला. पोस्टमन ओळखीचा आहे, आणील बरोबर.

३ जुलै
अद्नानचा फोन. आवाज पडलेला. फॉर्म परत आला. साहेबाने सांगितलंय, सोमवारनंतर विमानाला हात लावायचा नाही. मी म्हटलं, सरकारी कामात असं होतंच, धीर धर. त्याने फोन ठेवला.
जेवण गेलं नाही. पावसाळी हवेमुळे असावं.

५ जुलै
सगुणाने मला न विचारता मृणालीला फोन लावला. स्पीकरवर. मृणाली म्हणाली, बाबा, डोमेस्टिक म्हणजे त्यांच्या देशातला. अमेरिकेतला. आणि MH म्हणजे मार्शल आयलंड्स. पॅसिफिक महासागरात. तुम्ही मिरजोळे तिकडे नेऊन ठेवलंत.
मग सगुणाने भाभींकडून अद्नानचा तो मेसेज मागवून पूर्ण लावला. पुढे तो म्हणत होता: "काका, मृणालीताई तिकडंच असते, तर तिचा पत्ता देता येईल का, तेवढं तिला विचारा."
तेवढंच होतं.
मृणालीने चहा पिता पिता स्वतःचा पत्ता भरून ते काम करून टाकलं. मी एवढंच म्हटलं की तिला इंग्लिश मीडियममध्ये मीच घातलं होतं. सगुणा फोन घेऊन आत गेली.

७ जुलै
अद्नान कामावर आहे. भाभींनी सांदणं पाठवली, डब्यावर मृणालीचं नाव. ती इथे नाही, म्हणून सगुणाने नि मी खाल्ली.
रिकामा डबा परत द्यायला मीच गेलो. वाटेत ठरवलं होतं की अद्नानच्या पुढच्या प्रमोशनचं आपण बघू म्हणून सांगायचं. भाभींनी दार उघडलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "भाऊ, आता तुम्ही काय पण करू नका. बसा, चहा घ्या."
बसलो.