खात्याचा खरा मालक

४ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या संस्थेचं गोठवलेलं खातं सोडवायला काल इथल्या बँकेत गेलो, त्याचा खर्च आधी ऐक: इस्त्रीचा एक सदरा, धंद्याचा अर्धा दिवस आणि माझ्याकडचे सगळे विनोद. हाती आली एक कोरी ओळ. काळा पैसा रोखायचा म्हणून आता प्रत्येक संस्थेने आपला ‘खरा मालक’ लिहून द्यायचा असतो. तुमच्या फॉर्मवर ती ओळ रिकामी, म्हणून खातं बंद.

तुला माहीत आहे, मी या बँकेत कधी रांगेत उभा राहिलेलो नाही. मला पाहिलं की मॅनेजर खुर्चीतून उठतो, आत नेऊन बसवतो. कालही उठला. म्हणाला, कुणाचंही द्या, पण एक नाव द्या. मग देऊन टाक ना तुझं! रंगकारखान्याशेजारच्या नळांचं पाणी प्रयोगशाळेत बाटल्यांत पडून आहे. वीस तारखेच्या आत फी भरली नाही तर ते मोरीत ओततील, आणि कारखान्याविरुद्धच्या सुनावणीला तुम्ही रिकाम्या हातांनी जाल. फी मी भरतो म्हटलं तर तेही नको. संस्थेच्याच खात्यातून जायला हवी, नाहीतर कारखान्याचा वकील अहवाल विकतचा ठरवील म्हणे.

जेवणखाण वेळेवर कर, हट्ट जरा कमी कर.
तुझा दादा

८ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. सदऱ्याचं वाईट वाटलं.

मालक म्हणून माझं नाव मी लिहिणार नाही. आमच्यात शिवणकामवाल्या मावशींचं मत आणि माझं मत सारखंच मोजतात. मी मालकीण कुठून झाले? शिवाय एकच नाव कागदावर गेलं की दम द्यायला कारखान्याला एकच दार पुरतं. लाउडस्पीकर भाड्याने देण्यात तुझा जन्म गेला, पण बहिणीचं म्हणणं काही तुला ऐकू येत नाही.

रविवारी बैठकीत तो नियम मोठ्याने वाचला. मालकाने कागदपत्रं घेऊन स्वतः यावं आणि बँकेने त्याची खात्री करून घ्यावी, असं त्यात आहे. मावशी म्हणाल्या, मग जाऊ या की सगळे. ठरलं! प्रत्येक सभासद मालक. ज्याला भीती वाटते त्याने येऊ नये, असं मी सांगितलं. सगळ्यांच्या नजरा त्या एकाकडे वळल्या, जो त्याच कारखान्यात रंग ढवळतो. त्याने पहिला फॉर्म ओढून घेतला.

अठराला सगळे तुझ्या गावी येतील. मी प्रयोगशाळेत बाटल्यांपाशी बसून राहणार आहे. तुझा स्पीकरचा टेम्पो मिळेल का?

लोभ आहेच, तो अजून कुणी गोठवलेला नाही.
तुझी धाकटी

११ जून

चि. धाकटीस आशीर्वाद.

टेम्पो मिळणार नाही, असं लिहायला बसलो होतो. माझी त्या बँकेत काही पत आहे, तुमच्या जत्थ्यापायी ती घालवू का? तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला. बहिणीला आवरा म्हणाला. ते ठीक, मीही तेच म्हणत होतो. पण फोन ठेवता ठेवता अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाला, की कारखान्यातला कुणीतरी आहे म्हणे त्यांच्यात, त्याचं नाव काय? कुठली तार सैल आहे ते मी खरखरीवरून ओळखतो. त्याच्या पाठीमागे उभं राहून कुणीतरी शब्द पुरवत होतं.

काळ्या पैशाचा याच्याशी काय संबंध, असं विचारलं, तर फोन बंद.

टेम्पो घे. माझे दोन्ही टेम्पो घे. रंगवाल्याला हे सगळं सांग आणि यायचं की नाही ते त्यालाच ठरवू दे. आणि सभासद व्हायला काय लागतं ते कळव. मालकीचा अनुभव मला आहे.

रागावलेला, पण तुझाच
दादा

१८ जून

चि. धाकटीस खूप खूप आशीर्वाद.

फी पोचल्याचं तुला तिथे कळलंच असेल. बाकीचं ऐक.

रांग दारातून रस्त्यावर, तिथून चांभाराच्या टपरीपर्यंत. मॅनेजर म्हणाला, तुमचे दोन प्रतिनिधी आत पाठवा. मावशींनी सुनावलं, की मालक स्वतः आल्यावर प्रतिनिधी कशाला? उत्पन्नाचं साधन विचारलं तर म्हणाल्या, सुई. रंगवाला सगळ्यांत पुढे होता. त्याने आपलं नाव अशा आवाजात सांगितलं, की मला कर्णा आणायची गरजच नव्हती. काउंटरवरच्या मुलीने ते लिहून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, की पाणी कुठल्या नळांचं तपासताय? तिचं घर तुमच्याकडेच, त्याच पाइपावर आहे.

दुपारी बाकीची गिऱ्हाइकं ओरडायला लागली तेव्हा वरच्या कचेरीतून फोन आला. प्रयोगशाळेच्या फीपुरते पैसे सोडले. खातं मात्र विचाराधीन. उरलेल्यांनी उद्या यावं म्हणाले. उरलेले म्हणाले, येतोच.

बाटल्यांना जप, स्वतःलाही जप, आणि या म्हाताऱ्यावर माया असू दे.
तुझा दादा

ता. क. – मॅनेजर मला पाहून उठला होता. आपल्या खोलीचं काचेचं दार आतून लावलं आणि परत जाऊन बसला. मी रांगेतच होतो. माझा नंबर यायच्या आत काउंटर बंद झालं.