एवढासा दात

देवळाली कॅम्प. मंगळवार, संध्याकाळ

ओवीला पहिला दात येऊन पाच दिवस झाले, आणि ह्यांना तो आज दिसला. तिकडे बॉर्डरवर नेट म्हणजे नावालाच. मी पाठवलेले फोटो उघडतच नव्हते. मग मीच शहाणपणा करून एक फोटो इतका बारीक केला की पोचला खरा, पण ह्यांचा मेसेज आला, "दात कुठाय? नुसतं धुकं दिसतंय." रडूच आलं. एवढ्याशा दातासाठी? हो, दातासाठीच.

दुपारी शेजारच्या शाहीनभाभींना सांगितलं. त्यांचे मिस्टरही फौजेत, त्यामुळे हे सगळं त्यांनी आधीच भोगलेलं. म्हणाल्या, "अगं, पूरा फोटो कशाला छोटा करतेस? आधी काप. पाळणा नको, पडदा नको, फक्त दात ठेव. मग साइज कमी कर." ओवीचा ओठ मी खाली धरला, त्यांनी नवा फोटो काढला, कापला, कमी केला. उरलं काय, तर तिचं तोंड, तांदळाच्या कणीएवढा तो दात आणि माझं बोट. पण कसं लख्ख!

देव त्यांचं भलं करो. उद्या गरम शिरा नेऊन द्यायचा, विसरायचं नाही.

अर्ध्या तासात ह्यांचं उत्तर आलं. "दिसला, दिसला!" आणि त्याखाली, "बोट कशानं भाजलं गं?"

सकाळी तव्याला लागलं होतं. घरात कुणाला बोललेही नव्हते.