उसने डोळे

उदगीर, ३ फेब्रुवारी

आले एकदाची. नांदेडहून निघताना बाबा कुरकुरले होते, भिंतींचे पापुद्रे आणि मुद्दाम हलवलेले दिवे टिपणाऱ्या पोरीला नोकरी कोण देणार. दिली की गुरुपादप्पांनी, आपल्या फोटो स्टुडिओत. माझे फोटो त्यांनी उलटसुलट धरून बघितले आणि हे नेमकं काय हाय म्हणून विचारलं. मी सांगितलं, हा माझा राग. डोकं तापलं की लाल पत्र्यासमोर, तुमच्या स्टुडिओमागे आहे तसल्या, कॅमेरा झटकते, मग असा येतो. ते म्हणाले, "राग काढ की महामाया, पर गिऱ्हाइकाचं तोंड सरळ येऊ दे." माणूस आवडला मला.

८ फेब्रुवारी

इथलं खास काम शिकले. लिंगायतांत गेलेल्या माणसाला मांडी घालून बसवतात, विभूती लावतात, आणि माती देण्याआधी घरचे सोबत बसून फोटो काढून घेतात. भिंतीवरच्या फोटोत मात्र मिटलेले डोळे नको वाटतात, म्हणून आम्ही कॉम्प्युटरवर उघडे डोळे बसवून देतो. गुरुपादप्पांचा नियम एकच. डोळे घरच्याचेच घ्यायचे, लेकीचे नाहीतर नातीचे.

आज नीलाबाईंचा फोटो होता, मोंढ्यातल्या रेवणसिद्ध आडत्याच्या आईचा. नातीचे डोळे रडून सुजलेले आणि रेवणसिद्ध घायकुतीला आलेला. मी गुपचूप माझेच डोळे बसवून दिले. आई लई जित्ती वाटून राहिली, असं म्हणत तो फोटो घेऊन गेला. मला भारी वाटलं.

११ फेब्रुवारी

बाबांशी फोनवर भांडले आणि पत्र्यासमोर कॅमेरा झटकला. लाल आलाच नाही. तपकिरी ढेकळं आली, मुळं आली, मध्ये पांढरी विभूती. लेन्स पुसली, पुन्हा तेच. आधी हसले, मग घाबरले. मी रागाने धुमसत होते आणि फोटोत राग नव्हता.

१४ फेब्रुवारी

आता कॅमेऱ्याशिवायही माती दिसते. चहाच्या कपात, गिऱ्हाइकाच्या तोंडावर. डोळे मिटले की मांडी घातलेले गुडघे दिसतात, म्हाताऱ्या बाईचे. नीलाबाईंना माझेच डोळे लावल्याचं गुरुपादप्पांना सांगितलं. ते नांदेडला परत जा म्हणाले.

नाही जाणार. आतलं फोटोत आणता येतं, एवढंच माझं स्वतःचं आहे. ते मी जित्यांना दिलं नाही, मेलेल्यांना का देऊ?

१५ फेब्रुवारी

डोळ्यांवर ओढणी बांधून पत्र्यासमोर उभी राहिले. नीलाबाईंना सुनावलं, बघा हवं तेवढं, राग माझा आहे. झटकला कॅमेरा. फोटोत मला मातीशिवाय काही दिसत नाही, म्हणून कसा आलाय ते गुरुपादप्पांना विचारलं. लालभडक हाय, म्हणाले. मी नाचले.

नंतर रेवणसिद्धचा फोन. भिंतीवरच्या आईचे डोळे लाल झालेत, नात घरात शिरायला तयार न्हाई. मला आनंद झाला, खोटं का बोलू.

१६ फेब्रुवारी

आता सगळीकडे मातीच. अंदाजाने लिहिते आहे, ओळी वाकड्या येतील.

रेवणसिद्ध फोटो घेऊन आलाय. आईचे डोळे मिटवून द्या म्हणतो. दोघं आतल्या खोलीत, कॉम्प्युटरपाशी, दाराला कडी. मी दार बडवून सांगितलं, ते डोळे माझे आहेत. गुरुपादप्पा आतून म्हणाले, तुझ्याच भल्याचं करून राहिलो, लेकरा—

माऊसची टिकटिक.

डावा डोळा गेला. मातीसुद्धा नाही, नुसतं—

काळं. असू दे. काळं पण काढीन. कॅमेरा मांडीवरच आहे. उजव्यात अजून थोडी माती— घाबरले आहे मी, हो, पण ही भीतीही माझीच, नीलाबाई, तुमची नाही, हा बघा तिचा फोटो काढते—